समाचार उंबऱ्याबाहेरून
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजारी माणूस दवाखान्यातून घरी आले की समाचाराला जाणे ही आपली रीत. पण एका उपचारानंतर ती थोडी निराळी पाळावी लागते. त्याविषयी आज चार शब्द सांगते.

मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगात शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच घरभेदी होतात आणि मेंदूतील व पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंचे आवरण कुरतडतात. दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आणि बहुधा विशी-चाळिशीच्या दरम्यान जडतो. औषधांना न जुमानणाऱ्या काही निवडक रुग्णांत मूलपेशींचे रोपण करतात. रुग्णाच्याच रक्तातून मूलपेशी काढून ठेवतात, तीव्र औषधांनी जुनी राखण मोडतात आणि त्या पेशी शिरेवाटे परत देतात. आपल्या देशात अशा रोपणविद्येचा पाया मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी घातला, तो रक्ताच्या कर्करोगासाठी.

या उपचारात जिवाला थोडा धोका असतो, आणि आधी झालेली हानी भरून येईलच असे नाही.

नवी राखण टप्प्याटप्प्याने उभी राहते. जंतूंवर पहिली झडप घालणाऱ्या पेशी साधारण दोन आठवड्यांत येतात. प्रतिद्रव्ये बनवणाऱ्या पेशींना काही महिने लागतात. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत तयार होणाऱ्या टी-पेशींना तर वर्ष-दोन वर्षे. आपल्या कोरेगावचा घेवडा एका हंगामात हाती येतो, आंब्याची मात्र वाट पाहावी लागते, तसेच हे. म्हणून डोक्यावर केस उगवले म्हणजे सारे झाले, असे समजू नये.

लहानपणी टोचलेल्या लसींचा गुणही ओसरतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या पुन्हा टोचून घ्याव्या लागतात. गोवरासारखी जिवंत लस दोन वर्षांच्या आत सहसा देत नाहीत. ताप आला तर काढा देत न बसता तत्काळ डॉक्टरांना गाठावे.

अशी भगिनी शेजारी असेल तर तिला हळदीकुंकवाच्या गर्दीत ओढू नका. वाण तिच्या दारी पोचवा. सर्दी-खोकला असेल तर उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करा. तिचे दळण आणा, मुलांना शाळेत पोचवा. तिची राखण तयार होईपर्यंत आपणच तिचे कुंपण व्हावे, एवढी विनंती करून मी माझे भाषण पुरे करते.