शाळेच्या आवारातील झाडे : लावणी आणि निगा

(वडूज येथे खटाव तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



खटाव तालुक्यातील शाळांतून झाड लावण्याचा समारंभ आषाढात होतो आणि त्या झाडाचा मृत्यू वैशाखात होतो. पहिल्या प्रसंगी सरपंच, ग्रामस्थ, बालगोपाळ असे सारे हजर असतात. दुसऱ्या प्रसंगी कोणीही नसते, कारण शाळेला सुट्टी असते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा खड्ड्यात एक वाळकी काडी उभी असते आणि नव्या वर्षीच्या समारंभासाठी तोच खड्डा पुन्हा उपयोगी पडतो. जुलै १९५० मध्ये केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाचा पायंडा पाडला. पुढे २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यशासनाने अनुक्रमे २, ४, १३ आणि ३३ कोटी रोपे लावण्याचे संकल्प सोडले. संकल्पांचे आकडे मोठे असतात. परंतु गावच्या शाळेपुढे प्रश्न असतो तो एवढाच की, यंदा लावलेल्या झाडांपैकी पुढील पावसाळा किती झाडे पाहतील ?

या प्रश्नाचे उत्तर वडूज परिसरात आणि महाबळेश्वरात एकच असणार नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि खटाव-माणच्या पदरात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा पडतो. येरळेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. अलीकडे उरमोडी व जिहे-कठापूर योजनांचे पाणी तालुक्याच्या काही भागांत पोचले आहे. तथापि शाळेच्या आवारापर्यंत पाट आलेला नाही. शिवाय येथील पाऊस मृगापेक्षा उत्तरा-हस्ताच्या परतीच्या सरींवर अधिक अवलंबून असतो, हे शाळू पेरणाऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून झाडाचे वेळापत्रक परिपत्रकातील तारखेवरून न ठरविता जमिनीच्या ओलीवरून ठरविणे इष्ट.

कामाचा आरंभ पावसाळ्यात नव्हे, उन्हाळ्यात करावयाचा असतो. सुट्टी लागण्यापूर्वी, चैत्रातच, खड्डे घ्यावेत. मातीच्या जागी दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा पुरतो. परंतु येथील पुष्कळ शाळा गायरानाच्या मुरमाड माळावर उभ्या आहेत, तेथे तीन फूट खोदावे. वरच्या थरातील माती एका बाजूस व खालचा मुरूम दुसऱ्या बाजूस टाकावा. उन्हाने खड्डा तापला म्हणजे त्यातील किडी व अंडी मरतात. रोहिणी निघण्याच्या सुमारास वरची माती, दोन पाट्या चांगले कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी ओंजळभर निंबोळी पेंड यांचे मिश्रण करून खड्डा भरावा. माती पुरेनाशी झाली तर गावतळ्यातील गाळ आणावा, मुरूम परत टाकू नये. ताजे शेण तर मुळीच घालू नये. ते कुजताना उष्णता निर्माण होते आणि वाळवीलाही आमंत्रण जाते.

आता झाड कोणते, हा प्रश्न. गुलमोहोराचा मोह सर्वांना पडतो. तो मूळचा मादागास्करचा. वाढतो भराभर, परंतु त्याची मुळे वरवर पसरतात आणि फांद्या ठिसूळ असल्यामुळे वादळात कडाडून मोडतात. ज्या पटांगणावर मुले खेळतात तेथे त्याला जागा देऊ नये. शिवाय तो ऐन भरात फुलतो तो नेमका सुट्टीत ! निलगिरी उंच जाते पण सावली विरळ देते. कडुनिंब, करंज, चिंच, शिरीष, वड, पिंपळ, उंबर, आपटा, बहावा ही या मातीची झाडे. त्यांतही शाळेसाठी कडुनिंबाला पहिला मान द्यावा, कारण इतर झाडे उघडी पडतात त्या चैत्रात तो नव्या पालवीने भरून येतो. करंजाला जनावर सहसा तोंड लावीत नाही, हा त्याचा मोठाच गुण. ज्या शाळेला कुंपण नाही तिने करंजापासून सुरुवात करावी. जांभूळ पाण्याजवळच लावावे.

जागा निवडताना सूर्याचा विचार करावा. दुपारनंतर वर्गाची जी भिंत तापते ती पश्चिमेची. तिच्यापासून पंधरा-वीस फुटांवर कडुनिंब असेल तर काही वर्षांत त्या खोलीत तिसऱ्या प्रहरी बसणे सुसह्य होईल. वड-पिंपळ मात्र इमारत, विहीर व टाकी यांपासून निदान पन्नास फूट दूर असावेत. वर विजेच्या तारा आहेत की काय हे मान वर करून एकदा पाहून घ्यावे. एवढी साधी गोष्ट न पाहिल्यामुळे पुढे दरवर्षी झाडाचा शेंडा तोडला जातो.

आर्द्रा-पुनर्वसूत वीतभर खोल ओल गेली असेल तर लावणी करावी. नसेल तर थांबावे, समारंभही पुढे ढकलावा. रोप उंच असण्यापेक्षा बुंध्याला जाड असावे. पिशवी काळजीपूर्वक फाडून काढावी (पिशवीसकट रोप पुरलेले पुष्कळदा आढळते) आणि पिशवीच्या तळाशी मुळांनी घातलेले वेटोळे धारदार चाकूने कापून टाकावे. तसे न केल्यास ते वेटोळे पुढे जाड होऊन झाडाचाच गळा आवळते. मूळ संपून खोड जेथे सुरू होते तो भाग जमिनीच्या बरोबरीस राहिला पाहिजे. रोप खोल पुरले म्हणजे घट्ट बसते ही समजूत चुकीची आहे. खोडाची साल मातीखाली सतत ओली राहिली तर कुजते, आणि झाड दोन-तीन वर्षांनी, कोणालाही कारण न कळता, वठते.

आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूस रोवावी व रोप तिला सुतळीने इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे सैल बांधावे. दोन वर्षांनी काठी आणि सुतळी दोन्ही काढावीत. झाडांना लावलेल्या लोखंडी जाळ्या पुढे कोणी काढीत नाही आणि त्या खोडात रुततात, हे तालुक्याच्या गावी रस्त्याच्या कडेला पाहावयास मिळते. जाळी नसेल तर बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण पुरेसे आहे.

पावसाळा सरला की खरी परीक्षा सुरू होते. रोज तांब्याभर पाणी घालणे हा प्रेमाचा प्रकार असला तरी झाडाला तो हानिकारक आहे. वरची दोन बोटे माती भिजते, मुळे त्या ओलीच्या ओढीने वरच राहतात, आणि पहिल्या कडक उन्हात होरपळतात. आठवड्यातून एकदाच पंधरा-वीस लिटर पाणी सावकाश मुरू द्यावे. मुळे खाली जातात. आळे खोडाला चिकटून करू नये. खोडाजवळ माती किंचित उंच ठेवून पाणी कडेने फिरावे अशी त्याची रचना असावी, आणि झाडाचा विस्तार वाढेल तसतसे आळेही रुंदावत न्यावे. आळ्यात पालापाचोळा, ज्वारीची धसकटे, शेंगांची टरफले यांचा चार बोटे जाड थर पसरावा, मात्र तो खोडापासून वीतभर दूर. शाळेच्या आवारातील पाला झाडून पेटविण्याची रीत सर्वत्र आहे आणि ती स्वच्छतेच्या सदरात मोडते ! वस्तुतः तो पाला म्हणजे झाडाने वर्षभर साठवून परत केलेले खत होय.

उन्हाळ्यासाठी मडक्याची युक्ती उत्तम. आठ-दहा लिटरांचे कच्च्या भाजणीचे मडके खोडापासून दीड वितीवर गळ्यापर्यंत पुरावे, भरावे आणि तोंडावर परळ ठेवावा. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते. माती कोरडी असेल तितके अधिक, ओली असेल तितके कमी. चार-पाच दिवसांनी ते पुन्हा भरले की काम झाले. यात पाणी उन्हाने उडून जात नाही आणि तणही माजत नाही.

पाणी आणावयाचे कोठून, असे विचारले जाते. पोषण आहारानंतर मुले हात धुतात, ताटे विसळतात. प्रत्येकी दोन लिटर धरले तरी पन्नास मुलांच्या शाळेत दररोज शंभर लिटर पाणी वाया जाते. ते गोट्या-वाळूच्या छोट्या खड्ड्यातून गाळून आळीपाळीने झाडांकडे वळवावे. साबणाचे पाणी तेवढे वगळावे. सुट्टीत मात्र हाही झरा आटतो. तेव्हा साधा हिशेब करावा : पहिल्या वर्षीच्या दहा झाडांना आठवड्यास दोनशे लिटर, म्हणजे एक पिंप पाणी लागते. एक पिंप गाव देऊ शकतो. दहा पिंपे देणार नाही. म्हणून दुशिक्षकी शाळेने शंभर झाडे लावण्याच्या भरीस न पडता दहाच लावावीत आणि दहाही जगवावीत. अहवालात शंभरचा आकडा शोभून दिसतो हे खरे, परंतु सावली अहवालाची पडत नाही.

सुट्टीत पाणी घालणारा कोण, हे एप्रिलच्या पालकसभेत नावानिशी ठरवावे. येथे या भागाची एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. खटाव, माण, खानापूर या तालुक्यांतील कित्येक कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त भारतभर विखुरली आहेत, काही ऊसतोडीला जातात, मेंढपाळ कळपांबरोबर फिरतात. मूल हौसेने झाडाचे पालकत्व घेते आणि दिवाळीनंतर त्याचे बिऱ्हाडच हलते. यास्तव प्रत्येक झाडास दोन पालक असावेत, त्यांतील एक गावात कायम राहणाऱ्या घरचा असावा. शाळेशेजारची एखादी आजीबाई या कामी दहा विद्यार्थ्यांपेक्षा भरवशाची ठरते.

छाटणी माघात, नवी पालवी फुटण्याच्या आधी करावी. वाढत्या झाडाची फक्त मोडकी, एकमेकींवर घासणारी किंवा मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर येणारी फांदीच काढावी. जाड फांदी तोडताना प्रथम खालून थोडे कापावे, मग थोडे पुढे वरून कापून वजन उतरवावे, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी दिसणाऱ्या फुगीर कड्याच्या बाहेरून उतरवावा. ते कडे कापू नये. अमेरिकन वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंत उभारते व बाहेरून नवे लाकूड चढविते. ही भिंत त्या कड्यापासूनच उभी राहते. जखमेवर डांबर फासण्याने मात्र काही साधत नाही. खिळे ठोकून सुविचारांच्या पाट्या लावणे हेही त्याच कारणास्तव बंद व्हावे. झाडाच्या अंगावर ‘झाडे जगवा’ हा मजकूर खिळ्याने ठोकलेला पाहून मुले काय शिकत असतील?

जुन्या झाडांबद्दल थोडेसे. झाडाची अन्न शोधणारी मुळे बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. आवारात सिमेंटच्या विटा बसवून पटांगण देखणे केले जाते तेव्हा ही मुळे गुदमरतात. पार बांधताना खोडाभोवती रुंद मोकळी माती सोडावी. वडाच्या लोंबत्या पारंब्या मुले झोके घेऊन तोडतात. एक-दोन पारंब्या माती भरलेल्या पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत पोचवाव्यात, म्हणजे पुढे त्यांचे खांब होतात. हावड्याजवळच्या शिवपूर उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकले, तरी तो पारंब्यांच्या बळावर आजही उभा आहे. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. जावळी तालुक्यातील म्हसवे हे गाव आपल्या विस्तीर्ण वडामुळेच ‘वडाचे म्हसवे’ म्हणून ओळखले जाते. रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, हे तर जिल्ह्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

झाड हे वर्गाचे साधन कसे होते, याचा विस्तार करण्याची आवश्यकता नाही; दोनच उदाहरणे पुरेत. ज्येष्ठ-आषाढात पिकलेल्या निंबोळ्या मुलांकडून गोळा करवून, गर धुऊन आठवड्याच्या आत पेराव्यात, कारण कडुनिंबाचे बी थोड्याच आठवड्यांत निर्जीव होते. त्याच दिवशी बहाव्याचेही बी पेरावे. कडुनिंब उगवतो आणि बहावा ढिम्म बसतो. मग बहाव्याचे टणक बी एका बाजूने दगडावर घासून रात्रभर भिजवून पेरावे, ते उगवते. असे का, हा प्रश्न मुलेच विचारतील. दुसरे, दरवर्षी वसंतपंचमीला छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून खोडाचा घेर मोजावा व सावलीवरून उंची काढावी. गुणोत्तराचा धडा त्यातच होतो.

या मापांसाठी एक नोंदवही ठेवावी. झाडाचे नाव, जागा, लावल्याचे वर्ष, दोन्ही पालक, दर वर्षीचा घेर, आणि मेले असल्यास त्याचे खरे कारण, एवढे रकाने पुरेत. ‘जनावराने खाल्ले’, ‘पाणी मिळाले नाही’ असे स्पष्ट लिहावे. शिक्षकाची बदली होते, झाडाची होत नाही. बदलीच्या वेळी खुर्च्या, फळे, नकाशे यांची यादी करून कार्यभार सोपविला जातो. त्या यादीत ही नोंदवहीही असावी, आणि नव्या शिक्षकाने सही करण्यापूर्वी जुन्या शिक्षकाबरोबर आवारात एक फेरी मारून झाडे प्रत्यक्ष मोजून घ्यावीत.