बी.ए. न होता एम.ए. होता येते का?



बारावीनंतर दोन वर्षांची पदविका घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेले गुरुजी आणि बाई महाराष्ट्रात गावोगाव आहेत. त्या पदविकेला पूर्वी डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. दहा-पंधरा वर्षे वर्ग सांभाळले, हाताखालून शेकडो मुले गेली, आणि मग मनात येते की आपणही एम.ए. व्हावे. नेमका त्याच वेळी कोणीतरी एक कागद हातात देतो. ‘पदवीची अट नाही, थेट एम.ए.!’ गुरुजी हिशेब करतात : बारावीनंतरची दोन वर्षे पदरी आहेतच, मग आता बी.ए.ची तीन वर्षे पुन्हा कशाला?

उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात पदविका ती पदविका आणि पदवी ती पदवी. पहिली पदवी नसेल, तर तिच्यावर घेतलेली एम.ए. नोकरीच्या कामी टिकत नाही.

मग ही ‘थेट’ची बोलवा उठली कोठून? ती अगदीच निराधार नाही बरे का! विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८५ साली दूरशिक्षणाचे नियम केले. ज्याची शाळा अर्धवट सुटली, पण वयाची २१ वर्षे पुरी झाली आहेत, त्याने विद्यापीठाची प्रवेश-परीक्षा द्यावी आणि पदवीच्या वर्गात बसावे, अशी सवलत त्यांत होती. फार मोलाची सवलत. शेतात राबणाऱ्या, लवकर लग्न झालेल्या कितीतरी जणांना तिने पुन्हा पुस्तकाशी नेऊन बसवले. पण हे दार बी.ए.चे होते. काही विद्यापीठांनी तेच दार एम.ए.लाही लावले आणि गोंधळ तेथे झाला.

तमिळनाडूतील एक प्रकरण यासाठी मुद्दाम सांगण्यासारखे आहे. चित्रपट-शिक्षणाच्या एका सरकारी संस्थेत प्राचार्यपदावर नेमणूक झाली. नेमलेल्या गृहस्थांजवळ अण्णामलै विद्यापीठाची एम.ए. होती, मात्र आधीची पदवी नव्हती. वाद उच्च न्यायालयात गेला, तेथून सर्वोच्च न्यायालयात. २००९ साली निकाल लागला की, मुक्त पद्धतीलाही आयोगाचे नियम लागू आहेत आणि पहिल्या पदवीवाचूनची ही एम.ए. ग्राह्य नाही. मागाहून मिळालेली मंजुरीही कामी आली नाही. ध्यानात घ्या, विद्यापीठ खोटे नव्हते, परीक्षा खोटी नव्हती, अभ्यासही झाला होता. तरी गेले.

आडवाटा मुळीच नाहीत असे नाही. पुण्याला २००६ साली निघालेल्या ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत बारावीनंतर पाच वर्षांचा सलग अभ्यासक्रम आहे; पण त्याच्या पोटातच पदवी असते, ती वगळलेली नसते. बारावीनंतर चार्टर्ड अकाउंटंट झालेल्याची गोष्ट निराळी. ती पात्रता पदव्युत्तर पदवीच्या तोडीची मानावी, असे आयोगाने २०२१ साली कळवले. कारखान्यात काम करता करता इंजिनिअरांच्या संस्थेची परीक्षा देऊन पदवीची बरोबरी मिळवायची जुनी वाट मात्र ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांपुरतीच राहिली. परदेशात, विशेषतः इंग्लंडात, काही विद्यापीठे कामाचा अनुभव पाहून पदवीवाचूनही वर घेतात; परंतु परत आल्यावर त्या पदवीला इथली बरोबरी मिळवावी लागते, आणि घोडे तेथेच अडते.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाई चौधरींचे नाव दिले. बाईंना अक्षरओळख नव्हती, आणि आज त्यांच्या ओव्या एम.ए.च्या वर्गात अभ्यासतात! तेव्हा शहाणपण पदवीने येते असे माझे म्हणणे नाही. पण सेवापुस्तकात नोंद करणारा कारकून शहाणपण विचारीत नाही, प्रमाणपत्र विचारतो. आणि त्याचेही काही चुकत नाही.

मग गुरुजींनी करावे काय? सरळ बी.ए.ला नाव घालावे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले ते अशाच लोकांसाठी. नोकरी सोडावी लागत नाही. फी भरण्याआधी एवढे मात्र पाहावे की, त्या विद्यापीठाला त्या वर्षी, त्याच अभ्यासक्रमासाठी दूरशिक्षणाची मान्यता आहे ना. नुसते विद्यापीठ मान्य असून भागत नाही. ही यादी आयोगाच्या संकेतस्थळावर असते. आपल्याला उघडता येत नसेल तर वर्गातल्या एखाद्या मुलाच्या थोरल्या भावाला सांगावे, तो मोबाइलवर दोन मिनिटांत काढून देईल.

बी.ए.ची तीन वर्षे, एम.ए.ची दोन. आज चाळिशीत असलेल्या गुरुजींनी यंदा नाव घातले, तर पंचेचाळिसाव्या वर्षी ते एम.ए. होतील. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती; म्हणजे त्यानंतरही तेरा वर्षे नोकरी उरते.