आल्याची गाडी आणि देशाची वाढ



विकसनशील देशाच्या आर्थिक भवितव्यावर बोलायचे तर मला आल्यापासून सुरुवात करावीशी वाटते. आपल्या साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यात त्याचा हिशेब घराघरांत तोंडपाठ असतो. २०२३ साली आल्याची गाडी, म्हणजे ५०० किलो, पन्नास हजारांच्या वर गेली. तो भाव बघून पुढच्या हंगामात लोकांनी महागाचे बेणे घेऊन लागण केली. माल निघेपर्यंत भाव निम्म्याच्याही खाली आला होता. कंदकुजीने गेलेला प्लॉट असेल तर त्याची कथा वेगळीच.

त्याच काळात देशाची वाढ चांगली चालली होती. २०२४ साली जगातल्या पहिल्या पाच मोठ्या अर्थव्यवस्थांत आपण होतो, हे खरे आणि अभिमानाचेही आहे. पण दरडोई उत्पन्न तेव्हा २,७०० डॉलरच्या आसपास होते, आणि जागतिक बँकेच्या मोजमापात श्रीमंत देशाचा उंबरठा सुमारे १४,००० डॉलर. २०४७ पर्यंत तो ओलांडायचा तर दरडोई उत्पन्न वर्षाला सात टक्क्यांहून जास्त वाढत राहिले पाहिजे. ती वाढ कुणाच्या घरी जाते, हा माझा प्रश्न आहे.

देशात शंभर माणसे कामाला आहेत असे धरा. २०२३-२४च्या श्रमबल पाहणीप्रमाणे त्यांतली ४६ शेतीवर. शंभर रुपयांच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र १८ रुपयांच्या आसपास. उरलेल्या ५४ जणांकडे ८२ रुपये. भागाकार केलात तर शेतीतल्या माणसामागे चाळीस पैसे, बाहेरच्या माणसामागे दीड रुपया पडतो. त्यात २०१७-१८ साली शेतीवर ४४ जण होते. शेतीवरची माणसे कमी व्हायची, ती वाढली! आणि जमीन? महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे १९७०-७१ साली सव्वाचार हेक्टर होती, २०१५-१६ साली १.३४ हेक्टर उरली.

आपल्या आजोबा-पणजोबांनी यावर मुंबईची वाट शोधली. साताऱ्याची पोरे गिरणीत आणि गोदीत गेली. १९६९च्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझे वाहणाऱ्यालाही पगाराची आणि भविष्यनिर्वाह निधीची हमी मिळाली. १९८२च्या संपानंतर गिरण्यांची वाट बुजली. आज मुलगा चाकणच्या कारखान्यात जातो, पण कंत्राटावर.

मग गावातच काम उभे करायचे तर ‘प्रक्रिया उद्योग काढा’ हा सल्ला तुम्ही पुष्कळदा ऐकला असेल. तो फळाला का येत नाही, याचे उत्तर उसात आहे. ऊस तोडला की दिवसाभरात गाळपाला गेला पाहिजे, नाहीतर वजनही घटते आणि साखरही. त्यामुळे शेतकरी आणि कारखाना एकमेकांना बांधलेले आहेत. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तो या बांधिलकीवर. शिवाय उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे. आले भाव येईपर्यंत जमिनीत ठेवता येते. तेजीत शेतकरी सुंठीच्या कारखान्याकडे फिरकत नाही, मंदीत कारखाना शेतकऱ्याकडे बघत नाही. असा कारखाना टिकणार कसा? म्हणून आल्यात हात पोळलेला माणूस पुन्हा उसाकडे वळतो, आणि पाणी तिकडे जाते.

माझे मत स्पष्ट आहे. भांडवल, रस्ते, बंदरे सगळे हवे. पण उसाबाहेरच्या शेतकऱ्याला आणि कंत्राटी कामगाराला उद्याच्या उत्पन्नाची थोडी खात्री मिळाल्याशिवाय या देशात मागणी वाढणार नाही आणि कारखानेही वाढणार नाहीत. आपल्या बायका शेतात राबतात, त्यांतल्या कितीतरी जणी पाहणीच्या तक्त्यात ‘बिनपगारी मदतनीस’ आहेत. आले धुणे, निवडणे, वाळवणे ही कामे गावात उभी राहिली तर पहिला पगार त्यांच्या हातात पडेल.

आल्याची लागण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास होते. बेणे मातीआड करण्याआधी दहा-वीस घरांनी एकत्र बसा. आपल्या मालाचा चौथा हिस्सा ठरलेल्या किमान भावाला द्यायचा, तेजी आली तरी फिरवायचा नाही, असे आपसात लिहून घ्या आणि तो कागद घेऊन खरेदीदाराकडे जा. उरलेले तीन हिस्से बाजाराच्या भरवशावर राहू द्या.