अपिलाची मुदत आणि उशिराची माफी

(इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशिम येथील शेतकरी मेळाव्यात एका वकिलांनी केलेले भाषण)



पेरणीची वेळ आपल्याला कोणी सांगावी लागत नाही. कोर्टकचेरीच्या कामात मात्र आपण "बघू दिवाळीनंतर" म्हणतो आणि तिथेच फसतो.

माझ्या एका पक्षकाराचे सांगतो. शेजाऱ्याने वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला. हा भला माणूस. गावात बैठका घेतल्या, समजूत काढली, पीक निघेपर्यंत थांबला. माझ्याकडे आला तेव्हा आठवा महिना लागला होता. मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. रस्ता असो की वाहते पाणी. वहिवाट खरी होती, साक्षीदारही होते. पण ते जवळचे दार बंद झाले. दिवाणी कोर्टाची वाट धरावी लागली आणि तोवर दोन हंगाम सोयाबीनची पोती डोक्यावर वाहून आणावी लागली. बैठका जरूर घ्या, पण अर्ज देऊन घ्या.

फेरफाराचा निर्णय मान्य नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम २५० प्रमाणे अपिलाला ६० दिवस मिळतात. आदेश जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा असेल तेव्हा ही मुदत. एरवी ९० दिवस. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नक्कल मिळण्यास लागणारा काळ यातून वजा होतो. मात्र तो नक्कल तयार होईपर्यंतच. तयार नक्कल तुम्ही महिनाभर आणली नाही, तर तो महिना तुमच्याच खाती पडतो. म्हणून निकाल लागला की लगेच नकलेचा अर्ज करावा.

मुदत टळलीच तर? मुदतीच्या कायद्याचे, म्हणजे १९६३ च्या अधिनियमाचे कलम ५ आणि महसुली अपिलांसाठी संहितेचे कलम २५१ यांत पुरेसे कारण दाखविल्यास उशीर माफ होतो. हे अपिलाला व अर्जाला लागू आहे. मूळ दिवाणी दाव्याला कलम ५ ची माफी नाही. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. नुसते "मी अडाणी आहे" म्हणून भागत नाही.

१९८७ साली अनंतनागच्या भूसंपादन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चार दिवसांचा उशीर माफ केला आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब मागताना ताठरपणा नको असे बजावले. गंमत अशी की तिथे उशीर शेतकऱ्याचा नव्हता, सरकारचा होता! पण २०२४ साली त्याच न्यायालयाने भूसंपादनाच्या एका अपिलात वारसांचा ५६५९ दिवसांचा उशीर माफ करण्यास नकार दिला.

भूसंपादनाचा मोबदला कमी वाटला तर २०१३ च्या कायद्याच्या कलम ६४ खाली अर्ज करावा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवडे. नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांत जे आधी संपेल ते. सबळ कारण असल्यास जिल्हाधिकारी आणखी एका वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात. १८९४ च्या जुन्या कायद्यात ही सवड नव्हती. राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनाची पद्धत वेगळी आहे, तिची गल्लत करू नका.

आता ज्यांच्या घरी नोटिसा आल्या आहेत त्यांनी त्या घेऊन पुढे यावे. पाकीट फेकले नसेल तर तेही आणा. त्यावरचा टपालाचा शिक्का मला आधी पाहायचा आहे.