सोडून गेलेल्याचा हिशेब

(देवबाग येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मालवाहतुकीच्या धंद्यात नव्याने पडणाऱ्या तरुण ड्रायव्हरांस चार शब्द सांगावेत, अशी आपल्या चिटणीसांची आज्ञा आहे. विषय पसरट आहे. ट्रकच्या लायसन्ससाठी वयाची वीस वर्षे पुरी व्हावी लागतात, त्याआधी हलक्या गाडीचे लायसन्स वर्षभर हाती असावे लागते, करूळचा घाट कोणत्या गिअरात उतरावा आणि फोंड्याचा कोणत्या, एवढ्यातच एक संध्याकाळ सहज निघून जाईल. परंतु या गोष्टी समोर बसलेल्या निम्म्या मंडळींस पाठ आहेत, म्हणून त्या मी गृहीत धरतो आणि ज्या एका प्रश्नाचा विचार आपल्याकडे जवळजवळ कोणीच करीत नाही त्याकडे वळतो. ज्या मालकाच्या गाडीवर आपण बसणार त्याची अब्रू कशी आहे, हे नवख्या ड्रायव्हराने ओळखावे कसे? माझे आयुष्य हुंडेकऱ्यांच्या कचेऱ्यांतून कीर्द-खतावणी लिहिण्यात गेले, आणि त्या अनुभवातून माझे एक मत इतके दृढ झाले आहे की ते मी आरंभीच सांगून टाकतो. मालवाहतूक कंपनीची अब्रू तपासण्याची खरी जागा एकच, आणि ती म्हणजे तिची नोकरी सोडून गेलेल्या ड्रायव्हराचा शेवटचा हिशेब.

हा प्रश्न देवबागेत विचारण्यास विशेष कारण आहे. एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, यांच्या मधल्या या चिंचोळ्या पट्टीत शेतीला जमीन ती किती असणार? 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद, पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही किनाऱ्यावर ओढलेल्या. तेव्हा बारमाही मिळकतीच्या शोधात आपला मुलगा बर्फातली मासळी घेऊन गोव्याला नाहीतर कोल्हापूरला जाणाऱ्या गाडीवर, किंवा देवगडच्या आंब्याच्या पेट्या वाशीच्या बाजारात पोचविणाऱ्या गाडीवर क्लीनर म्हणून चढतो आणि काही वर्षांनी स्टिअरिंगवर बसतो. तो ज्या संस्कारात वाढलेला असतो तो रापणीचा, म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा. रापण ओढून झाली की मासळी वाळूवर पडते, लिलाव सर्वांदेखत पुकारला जातो, जाळ्याचा वाटा किती आणि ओढणाऱ्याचा किती याची वाटणी उघड्यावर होते, आणि कोणास शंका आली तर तो तेथेच, ओल्या अंगाने, तोंडावर विचारतो. ट्रकच्या धंद्यात गेल्यावर त्याचा हिशेब प्रथमच बंद कपाटात जातो, आणि कपाटातला हिशेबही मागून पाहायचा असतो हे त्यास कोणी शिकविलेले नसते.

मग तो कंपनीची पारख कशावरून करतो? गाड्या किती आहेत, केबिनीवर रंग कसा आहे, मालकाने गावच्या देवळाला सभामंडप बांधून दिला आहे की नाही, यावरून. आणि फार चौकस असला तर त्या कंपनीत वर्षानुवर्षे असलेल्या एखाद्या जुन्या ड्रायव्हराला विचारून. हा जुना ड्रायव्हर खोटे बोलतो असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु त्याला मिळणारी वागणूक आणि नवख्याला मिळणारी वागणूक यांत जमीनअस्मानाचे अंतर असते, ही गोष्ट धंद्यातला कोणीही कबूल करील. नवी गाडी जुन्या ड्रायव्हराकडे जाते. जिचे पाटे बसले आहेत, जिचे मागचे टायर रिमोल्डचे आहेत आणि जी चढावर धूर ओकते ती नवख्याच्या वाट्याला येते. बरे भाडे जुन्याला, आणि ज्या ठिकाणी वाराईवरून, म्हणजे माल चढविण्या-उतरविण्याच्या मजुरीवरून, दर वेळी तंटा होतो तो माल नवख्याला. म्हणून कंपनीत मुरलेल्या माणसाची साक्ष काढण्यापेक्षा गेल्या हंगामात जो नवा लागला त्याला गाठावे. आणि तो सोडून गेला असेल तर त्याचे घर शोधून काढावे.

येथे मला एक जुना विषय काढल्यावाचून राहवत नाही. आगबोटीच्या आठवणी सांगणारी वृद्ध माणसे या किनाऱ्यावर अजून आहेत. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी स्वदेशी भांडवलाची. कोकणच्या माणसाने तिला 'माझी आगबोट कंपनी' असे नाव दिले आणि परक्या कंपन्यांच्या बोटी टाळून तो आवर्जून हिच्या बोटीत बसला. हिंदुस्थानात एखाद्या वाहतूक कंपनीवर लोकांनी इतके निर्व्याज प्रेम केल्याचे उदाहरण मला दुसरे माहीत नाही. त्याच कंपनीची 'रामदास' बोट 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आले असताना, अमावास्येच्या सणासाठी घरी निघालेल्या चाकरमान्यांना घेऊन सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली, आणि काशाच्या खडकाजवळ पावसाळी वाऱ्यात व लाटांत एका अंगावर कलून उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. वाचून किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून काही तासांनी मुंबईला बातमी कळली. रेवसच्या कोळ्यांनी त्या खवळलेल्या पाण्यात आपले मचवे घातले आणि जेवढे हाती लागले तेवढे जीव वर काढले. त्या कोळ्यांचे नाव घेताना आजही माझे हात आपोआप जोडले जातात.

मी कंपनीवर आरोप ठेवण्यासाठी ही हकीकत सांगत नाही. तिच्याविषयी लोकांना वाटणारे प्रेम खरे होते आणि ते प्रेम वाटण्यास कारणेही खरी होती. परंतु लोकांच्या तोंडी असलेले नाव ही एक गोष्ट आणि पावसाळ्यातल्या एका सकाळी डेकवर काय साधने आहेत ही दुसरी गोष्ट. पहिलीवरून दुसरीचे अनुमान काढता येत नाही. तिकीट काढणाऱ्याला डेकखालचे दिसत नाही. जहाज असो की ट्रक असो, आतली स्थिती तेथे काम करणाऱ्याला ठाऊक असते, आणि काम करणाऱ्याच्या तोंडाला उचलीचे कुलूप असते. ज्याच्या नावावर मालकाची बाकी निघते आहे तो नोकरीत असेपर्यंत मोकळेपणाने बोलणार कसा? मोकळेपणा येतो तो सुटल्यावर.

आता आपण म्हणाल, सुटलेला माणूस रागाने बोलतो. बरोबर आहे. शिवाय या धंद्यात गाड्या बदलणे नित्याचे असल्यामुळे दहा ड्रायव्हर सोडून गेले एवढ्यावरून मालक वाईट ठरत नाही, हेही मी मान्य करतो. म्हणूनच माझे सांगणे असे की त्याला मत विचारू नये, तारखा विचाराव्यात. शेवटची खेप कोणत्या दिवशी खाली केलीस, पैसे कोणत्या दिवशी हाती पडले, जे कापले ते कशाबद्दल कापले आणि त्याचा कागद दिला काय. एवढेच विचारून गप्प बसावे. राग मतात मिसळतो, तारखेत त्याला मिसळता येत नाही. आणि वेगवेगळ्या हंगामांत सोडून गेलेल्या दोन माणसांच्या तारखा एकमेकींशी जुळल्या, तर त्या मालकाची रुजवात पुरी झाली असे खुशाल समजावे.

यासंबंधी एक हकीकत सांगतो, ती लांबली तर अध्यक्षांनी क्षमा करावी. मी ज्या एका कचेरीत लिहीत होतो, तिचे आणि मालकाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, तेथे याच किनाऱ्यावरचा एक तरुण मासळीच्या गाडीवर होता. चवथीला घरी गेला नाही असा मालवणी माणूस मी पाहिलेला नाही. हाही निघाला, आणि आता पुन्हा येणार नाही, हिशेब द्या, असे म्हणाला. मालकाने त्यास गोड शब्दांत उत्तर दिले, "चवथ करून ये, मग बसून हिशेब करू." त्याचे मूळ लायसन्स कचेरीच्या कपाटात होते. लायसन्स अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकास कोणत्याही कायद्याने दिलेला नाही, तरी ही चाल सर्रास आहे. तो तरुण माझ्या मेजापाशी आला आणि म्हणाला, "भाऊनु, माझा पान तरी दाखवा." मी खतावणी उघडून त्याच्यापुढे ठेवली. डाव्या अंगाला त्याचा पगार आणि भत्ता. उजव्या अंगाला उचल, त्याखाली डिझेल तूट, त्याखाली ताडपत्री, त्याखाली माल तूट, आणि सर्वांत मोठी रक्कम टायरची. तो टायर गाडी त्याच्या हाती येण्यापूर्वीच दोनदा रिमोल्ड झालेला होता, हे त्याच खतावणीच्या मागल्या पानांवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. त्याने भांडण केले नाही. एका जुन्या बिल्टीच्या पाठीवर पेन्सिलीने ते सबंध पान, तारखांसकट, उतरून घेतले, घडी करून खिशात ठेवले आणि तो एस.टी.ने घरी गेला. चवथीत ती बिल्टी गावातल्या घराघरांतून फिरली. कोणी मालकाला शिव्या दिल्या नाहीत, मोर्चा काढला नाही. फक्त पुढच्या हंगामाच्या तोंडाशी या पट्टीतला एकही मुलगा त्या कचेरीची पायरी चढला नाही. ऐन मासळीच्या दिवसांत गाड्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा मालकाने टायरची रक्कम सोडून दिली आणि लायसन्ससह उरलेले पैसे माणसाहाती त्याच्या घरी पोचते केले.

(सभेतून: "मास्तरांनु, गाडयेचे मालक हयच बसलेले आसत!" हशा.)

बसलेले आहेत हे मी पाहिले आहे, आणि ते आले याचा मला आनंद आहे. मालकवर्गाचा मी द्वेष्टा आहे असे कोणी समजू नये. व्यापाऱ्याकडून भाडे महिनोन्‌महिने येत नाही, डिझेल आणि टोल रोखीने मोजावे लागतात, आंब्याची गाडी वाशीला उशिरा पोचली तर दर पडल्याचा ठपका गाडीवर येतो; हे ओझे मी त्यांच्याच वह्यांतून वाचले आहे. अशा ओढाताणीतही ड्रायव्हर सोडून निघाला त्याच दिवशी पान फाडून हिशेब हाती देणारे मालक मी पाहिले आहेत, आणि माझे म्हणणे त्यांच्याच बाजूचे आहे. कारण आज त्यांच्या या सचोटीची वार्ता त्यांच्या फाटकाबाहेर जात नाही, आणि देवळाच्या सभामंडपाची मात्र जाते.

शिवाय माझे हे मत केवळ माझ्या लहरीचे नाही. कायदाही हळूहळू त्याच जागी येऊन पोचला आहे. भाड्याने माल नेणाऱ्या मोटार वाहतुकीला लागू असलेल्या 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने मालकाने काढून टाकलेल्या नोकराचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत चुकता करण्यास सांगितले होते. 2019 च्या वेतनसंहितेने जो स्वतः राजीनामा देऊन गेला त्यालाही तीच दोन दिवसांची मुदत दिली. म्हणजे 'चवथीनंतर ये' या उत्तराला आता आधार उरलेला नाही. तसेच नुकसानीबद्दल पगारातून कापायचे तर ते नुकसान त्या नोकराच्या कसुरीने झालेले असावे लागते आणि कापण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते, हे 1936 पासूनच कायद्यात आहे. झिजलेला टायर फुटला ही ड्रायव्हराची कसूर होऊ शकत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केले आहे, तेव्हा कामाच्या तासांचा भाग मला आटोपता घ्यावा लागेल. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने, जो 2020 च्या श्रमसंहितेत सामावून घेतला गेला, दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली. रात्रभर आंबा हाकणाऱ्याला हे ऐकून हसू येईल, म्हणून तेही सोडून गेलेल्याला विचारावे की एका हंगामात सलग दोन रात्री जागून गाडी हाकण्याचा हुकूम किती वेळा झाला. जादा मालाविषयी एवढेच सांगतो की 2019 च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजार रुपये आणि वर दर जादा टनामागे दोन हजार आहे, कायद्याचे शब्द गाडी चालविणारा आणि चालवू देणारा या दोघांनाही धरतात, आणि तो दंड शेवटी कोणाच्या नावे पडला हेही शेवटच्या हिशेबातच दिसते. ताडपत्री, विमा, अपघातानंतर पोलीस ठाण्यात जामिनाला कोण आले, हे विषय मी टिपून आणले होते, ते राहिले.

आता एक विनंती करून मी बसतो. आपल्या गावच्या वाचनालयात एक वही ठेवावी. ट्रकवरून जो कोणी मुलगा नोकरी सोडून परत येईल त्याने तीत आपले नाव न घालता कंपनीचे नाव, शेवटच्या खेपेची तारीख, हिशेब मिळाल्याची तारीख आणि कापलेल्या रकमांचे तपशील लिहावेत. शिवी लिहू नये, स्तुतीही लिहू नये. ज्या मालकाने दोन दिवसांत हिशेब चुकता केला त्याचीही नोंद तितक्याच अगत्याने व्हावी. आणि ज्याच्या घरचा मुलगा येत्या हंगामात गाडीवर जाणार असेल त्या आईबापांनी मालकाकडे जाण्यापूर्वी ती वही वाचनालयात बसून वाचावी. कोरी वही मी बरोबर आणली आहे. ती चिटणीसांच्या हवाली करतो.