जुना अल्सर, उरलेलं जठर



सत्तरी ओलांडलेल्या काही जणांच्या पोटावर, बेंबीच्या वर, एक उभा जुना व्रण असतो. विचारलं की सांगतात, "तरुणपणी अल्सरचं ऑपरेशन झालंय." आजची आम्ल कमी करणारी औषधं यायच्या आधी, अल्सर हटेना तेव्हा जठराचा खालचा भाग काढून उरलेला भाग लहान आतड्याला जोडत. जठराचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली केली. या जोडण्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

अल्सर गेला, पण जोडातून पित्त जठरात येत राहतं. आम्ल घटल्याने एरवी न टिकणारे जंतू तिथे वाढतात. अस्तर वर्षानुवर्षं सुजलेलं राहतं आणि साधारण पंधरा-वीस वर्षांनंतर उरलेल्या जठरात कर्करोगाचा धोका वाढतो. बहुतेकांना तो होत नाही, हेही सांगायला हवं.

घोटाळा होतो तो लक्षणांचा. या मंडळींना जेवण थोडंच जातं, लोह आणि बी-१२ नीट शोषलं जात नाही म्हणून रक्तही कमी असतं. मग नवी तक्रारही जुन्या ऑपरेशनच्या खात्यावर जाते. वजन उतरू लागलं, उलट्या सुरू झाल्या, गिळताना अडकू लागलं किंवा शौचाला काळंकुट्ट, चिकट झालं, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.)

दुर्बीण घालण्याआधी जुन्या ऑपरेशनचं जरूर सांगा; कागद असेल तर उत्तमच. जोडाचा काठ पित्तामुळे तसाही लाल दिसतो. नजरेवर भागत नाही. तिथले तिळाएवढे अनेक तुकडे काढून तपासावे लागतात.

रोग अगदी वरच्या थरात असेल तर काही रुग्णालयांत तो दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. एरवी उरलेलं सगळं जठर आजूबाजूच्या लसीका गाठींसह काढतात आणि अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. जुन्या ऑपरेशनमुळे यकृत, आतडी एकमेकांना चिकटलेली असतात. ती सोडवण्यातच सर्जनचा बराच वेळ जातो. काहींना केमोथेरपीही लागते.

"जठरच नाही, मग जेवायचं कसं?" हा घरच्यांचा पहिला प्रश्न. जेवता येतं. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं, सावकाश चावून. बी-१२ मात्र आयुष्यभर, बहुधा इंजेक्शननेच, घ्यावं लागतं.