लोहगडाचा काळा कातळ

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारास ज्वालामुखीचा प्रदेश पाहण्यासाठीं समुद्र ओलांडावयास नको. दोन दिवसांची सुटी मिळतांच लोकलनें मळवलीस उतरावें. लोहगड-विसापूरची जोडी समोर उभी असते. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं तप्त लाव्हारस एखाद्या शिखरांतून नव्हे, तर भूमीच्या लांबच लांब भेगांतून वाहिला. थरावर थर निवाला. त्याचाच हा काळा कातळ.

घाईनें चढणाऱ्यास हे थर दिसत नाहींत. सावकाश चालणाऱ्यास कळतें, कीं टणक थराचा कडा होतो आणि ठिसूळ थर झिजून त्याची पायरी बनते. या कड्यांनींच गडास निसर्गाचा तट दिला. पायथ्याशीं भाजे येथें याच कातळांत सुमारें २,२०० वर्षांपूर्वीं लेणीं कोरलीं गेलीं.

रात्रीं लोहगडवाडींत एखाद्या अंगणांत राहुटी ठोकावी. सकाळीं चार दरवाजे ओलांडून विंचूकाट्याची चिंचोळी सोंड पाहावी.

१६६५ च्या पुरंदरच्या तहांत हा गड मोंगलांस गेला; १६७० मध्यें मराठ्यांनीं तो परत घेतला. २०२५ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें. परंतु चाकण-चिंचवडभोवतींच्या निनांवी टेकड्यांना असें कवच नाहीं. त्यांचाहि कातळ हाच. तो फोडून सडकांची खडी होते. तहांत गेलेला गड परत मिळाला. फोडलेली टेकडी परत मिळत नाहीं. कामावर परतणाऱ्यानें आपल्या वस्तीमागच्या टेकडीकडे एकदां या दृष्टीनें पाहावें.